एक पट्टी खाली

३ मे, सोमवार
वीसपैकी शून्य! मोठ्या संगीतशाळेची कानाची परीक्षा. पडद्यामागे पियानोची एक पट्टी वाजवतात, कोणती ते आपण सांगायचं. पांढरी चार वाजली, मी म्हटलं तिच्या लगतची वरची काळी तीन. सगळीकडे तेच — प्रत्येक वेळी एक पट्टी वर. बारावीपर्यंत कसाबसा तग धरला तो याच शाळेसाठी.

परीक्षक म्हणाले, "वीसच्या वीस एकाच पट्टीनं चुकलीस. असं चुकायलाही कान लागतो. घरचा पियानो एक पट्टी उतरलाय तुमचा. वडील काय करतात?"

"पियानो लावतात."

तिघंही परीक्षक हसले. मग म्हणाले, महिन्यानं पुन्हा ये, तोवर कान सुधार.

४ मे
बाबांना विचारलं. चहा ढवळत म्हणाले, "तारा जुन्या आहेत. पूर्ण ताणल्या तर तुटतील." वर बघितलंसुद्धा नाही.

गावभरचे पियानो सुरात आणि घरचा असा! शाळेतला पियानो चढलाय म्हणून मी संगीताच्या बाईंना चारचौघांत बोलले होते. आमच्या घरी पियानो लावणारा माणूस, म्हणजे आमचाच बरोबर — केवढी मिजास होती मला.

वर बाबांची ताकीद, "आईला यातलं काही सांगू नकोस. परीक्षेत घाबरले म्हण." स्वतःची अब्रू जपतायत.

७ मे
बेकरीच्या वरच्या मजल्यावरची शाळा मला घ्यायला तयार आहे. तिथे कानाची परीक्षाच नाही. श्वास घेता येत असला की प्रवेश. पंधरापर्यंत हो किंवा नाही कळवायचं. मोठ्या शाळेची वाट बघत बसले आणि पुन्हा नापास झाले, तर दोन्हीकडून गेले.

आई म्हणाली, "घराजवळ आहे, काय वाईट?" तिला काय सांगणार? घाबरले म्हटलंय ना मी.

९ मे
बाबांशी बोलणं बंद. त्यांना फरक पडलेला दिसत नाही.

१२ मे
परवा शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, चढवा पियानो, तुटू देत तारा. आई मावशीकडे गेलीये, तेवढ्या दोन दिवसांत त्यांनी चढवला.

एकही तार तुटली नाही! म्हणजे तेही खोटंच.

१३ मे
आई परत आली. संध्याकाळी बाबा पियानोवर बसले, ती गायला उभी राहिली. हे रोजचंच. दहा वर्षांपूर्वीच्या गळ्याच्या ऑपरेशनपासून ती बाहेर गात नाही, घरात मात्र जुन्या वहीतली तीच गाणी, त्याच पट्टीत. "पट्टी उतरवावी लागली की त्या दिवसापासून गाणं बंद," असं तेव्हापासून म्हणत आलीये.

आज वरच्या सुरावर आवाज फाटला. तिनं पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. "प्रवासानं घसा बसलाय," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

बाबांनी पियानोचं झाकण लावलं. मग हळूच मला म्हणाले, "दर वर्षी पियानो थोडा थोडा खाली आणत होतो. तिला कळू नये म्हणून."

दहा वर्षं!

"आणि माझा कान?" मी विचारलं.

"तू लहान होतीस. लक्षातच आलं नाही गं."

लक्षातच आलं नाही! रात्री जेवले नाही. राग यायला हवा तेवढा येत नाही, याचाच जास्त राग येतोय.

१४ मे
बाबांना सांगितलं, उतरवा पुन्हा. मी बेकरीवाल्यांना हो कळवते. उद्या दुपारी उतरवतील. मोठी शाळा संपली. आईला गाता यावं म्हणून! हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

१५ मे
बाबा हत्यारांची पेटी आणायला दुकानात गेले तेवढ्यात आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "पियानो चढलेलाच राहू दे. ते उतरवतात हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे मला. गाणं तर मला केव्हाच सोडायचं होतं, पण बाबा साथ करायला बसले की त्यांचा चेहरा बघितलायस? म्हणून गात राहिले. तू मोठ्या शाळेची तयारी कर. आणि त्यांना सांगू नकोस."

बाबांना म्हटलं, उतरवू नका, माझा विचार बदलला. बेकरीवाल्यांना 'नाही' असं कळवलं. दहा वर्षं दोघांनी एकमेकांना जपलं, आणि मधल्या मधे कान माझा गेला.