जीपच्या खोलीचं दार

अण्णा, काल घरातून जीपच्या खोलीत जायला दार पाडलं. तुम्ही बोट दाखवलं होतं तिथंच, मधल्या खोलीच्या भिंतीत, तुमची खाट असायची तिच्या उशाशी. माझा गुडघा आता दुखतो. ओट्याच्या तीन पायऱ्या उतरायच्या, अंगणातून वळसा घालायचा, वाकून शटर उचलायचं, मग गाडी काढायची. हे रोज होईना. तुमची सून म्हणाली, "किती दिवस कण्हत बसणार? आतून दार करून घ्या." मी आठवड्याच्या आत मिस्त्री बोलावला. तुम्ही मागितलंत तेव्हा दीड वर्षात बोलावला नाही.

तुम्ही गेवराई-बीड जीप चालवायचात ते दिवस मला नीट आठवतात. सुट्टीत मी पुढच्या सीटवर, गिअरला गुडघा लागू नये म्हणून अंग चोरून बसलेला. मागं एक म्हातारी ओरडते, "आरं, जीप हाय का खुराडं?" तुम्ही आरशात बघून म्हणता, "खुराड्यात कोंबड्या भांडत न्हाईत, मावशे. सरका जरा." सगळी जीप हसते, म्हातारीही. संध्याकाळी जीप खोलीत लावून, ओल्या फडक्यानं पुसून, कोपरापर्यंत हात धुऊन तुम्ही घरात यायचात, कारण आईला डिझेलचा वास सहन होत नसे. घर बांधताना तुम्हाला मधल्या खोलीतून दार हवं होतं. आई म्हणाली होती, "माझ्या पिठाला डिझेलचा वास आला तर मी चालले माहेरी." तुम्ही हसलात आणि भिंत सलग उभी राहिली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

मग तुम्हाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं मात्र हळूहळू परत आलं. पहिल्या महिन्यात दोनदा आम्ही दोघातिघांनी धरून तुम्हाला अंगणातून जीपपर्यंत नेलं. तुम्ही स्टेअरिंगवर डावा हात ठेवून अर्धा तास बसलात. "चालवायची न्हाई रे मला," तुम्ही म्हणालात, "निस्तं बसायचंय." तिसऱ्यांदा न्यायला मला वेळ झाला नाही. मी पेपरचा बातमीदार, माझी बातमी संध्याकाळी वेळेत पोचायची असे आणि ती कधी चुकली नाही. तेव्हा तुम्ही उशाकडच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणालात, "हितून दार पाड. कुणाला धरायचं काम न्हाई, मी खुर्चीवरून सरकत जाईन. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

मी म्हणालो, "भिंत फोडली तर स्लॅब खाली येईल."

"न्हाई येत. मिस्त्रीला इचार."

मिस्त्री वेशीपाशीच राहायचा. मी त्याच्या घरावरून रोज जात होतो. आठ दिवसांनी तुम्ही पुन्हा विषय काढलात. खोलीत पाहुणे बसले होते. मी म्हणालो, "विचारलं मी. तो म्हणतो, अजिबात हात लावू नका. तुम्हाला काय कळतंय त्यातलं, अण्णा?" मी त्याला विचारलंच नव्हतं. दिंद्रुडच्या एका माणसाला जीप विकायचं माझं ठरलं होतं. उभ्या उभ्या तिचे टायर खराब होत चालले होते, उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, आणि तुम्ही आता कधी चालवणार नव्हतात. ही सगळी कारणं खरी होती. ती तुमच्यासमोर बोलायचं धैर्य नव्हतं, एवढंच. दार झालं असतं तर ते रिकाम्या खोलीत उघडलं असतं. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "बरं."

तुम्हाला तपासायला बीडला नेलं त्या दिवशी जीप गेली. आल्यावर शटर खाली होतं, कुलूप होतं. त्यानंतर तुम्ही दाराचं नाव काढलं नाही. कधीतरी एवढंच विचारायचात, "टायरात हवा हाय न्हवं?" मी म्हणायचो, "आहे." तुम्ही गेलात तेव्हाही शटर खालीच होतं.

काल त्या मिस्त्रीचा मुलगा आला. तोही आता पन्नाशीचा आहे. छन्नी लावून दोन घाव घातले आणि थांबला. "काका, वर लिंटल हाय की." दारावर असतो तसा काँक्रीटचा लिंटल, गिलाव्याखाली झाकलेला. त्याच्या खालच्या विटा त्यानं हातानं काढायला सुरुवात केली. "ह्या मातीत बसवल्यात, शिमिट न्हाईच. आमच्या म्हाताऱ्यानं दार ठिवूनच भिंत बांधली हुती." जेवणाच्या आधी भिंतीत माणूस जाईल एवढी वाट झाली. विटांचा ढीग बघत तो म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं बी काम न्हवतं."

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मला ठाव हुतं. हे आन् मिस्त्री हसत हुते बांधताना. म्हणले, हिला कळू देऊ नगं, पुढं लागल तवा काढू. मला काय डोळे न्हवते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कवा इचारलंस?"

मी नव्या वाटेनं आत गेलो. तिथं माझी गाडी उभी आहे, तिच्याखाली फरशीवर अजून तुमच्या जीपच्या तेलाचा डाग आहे. तिथं उभं राहिल्यावर मला कळलं. लिंटल तुम्ही मिस्त्रीबरोबर उभं राहून टाकून घेतला होता. तो मिस्त्री "हात लावू नका" असं कधीच म्हणाला नसता. मी खोटं बोललो ते तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं, आणि पाहुण्यांसमोर तुम्ही मला उघडं पाडलं नाही. टायरातल्या हवेचं तुम्ही कशासाठी विचारत होतात, याचा विचार मी कालपासून करतो आहे. बहुधा जीप गेल्याचं ओळखून मला खरं सांगायला जागा करून देत होतात.

हा कागद घडी घालून ठेवणार आहे, आईलाही वाचून दाखवणार नाही. फक्त एक राहिलं. त्या दिवशी तुम्ही "बरं" म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, अण्णा. सुटलो असं वाटलं होतं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.