सुतारकाकांची हातोडी

प्रिय आईस, प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

आपल्या चर्चमधली उपवासकाळाची उपासना यंदा मी आखली होती. प्रत्येकाने आपल्या पापासाठी क्रूसावर एक खिळा ठोकायचा. क्रूस सुतारकाकांनी करून दिला आणि हातोडी द्यायला तेच शेजारी उभे राहिले.

काकांचा मुलगा ज्याच्या ट्रकखाली गेला, तो ड्रायव्हरही रांगेत होता. त्याने हातोडीसाठी हात पुढे केला.

काका म्हणाले, "क्रूस केला मी. पण हे माझ्याच्यानं नाही होणार." आणि हातोडी घेऊन ते निघून गेले. ड्रायव्हर खिळा धरून तसाच उभा राहिला. मला गाणं सुरू करायचंही सुचेना.

काल काकांकडे गेले, त्यांनी दार उघडलं नाही.

आई, दोघांसाठीही प्रार्थना कर. मला अजून फक्त काकांसाठीच करता येते.

तुझीच,
धाकटी