सोंडेच्या दोन पट्ट्या

बा, आज नातीला मोट कशी असायची ते सांगत बसले होते. सोंडेपाशी आले आणि जीभ अडखळली. जिच्यातून पाणी थारोळ्यात पडतं ती कातड्याची नळी, एवढंच बोलून उठले. पुढचं तिला काय सांगू, कपाळ माझं!

मोट शिवायच्या आधी प्रत्येक कातड्याच्या तू दोन पट्ट्या काढायचास. एक कण्याच्या दिशेनं उभी, एक पोटाकडे जाणारी आडवी. ओल्या करून खुंटीला टांगायच्या, खाली सारख्या वजनाचे दगड, आणि किती लांबल्या ते बोटांनी मोजायचं. उभी फारशी हलत नसे. आडवी दोन बोटांपेक्षा जास्त सैलावली, तर ते कातडं सोंडेला चालायचं नाही. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा कापणं माझ्याकडे आलं; मोजणी मात्र तुझीच राहिली.

त्या दिवशी मी आडवी पट्टी कापतेय आणि रापी घसरते. पट्टी मधोमध तुटते. दुसरी काढावी तर सोंडेला कातडं पुरणार नाही. मळेवाला दारात उभा, गहू सुकतोय म्हणून घायकुतीला आलेला. मी आडवीच्या जागी कडेचा उरलेला उभाच तुकडा टांगते.

"आडवी कोनती शे वं?" तू विचारतोस. मी तुझा हात त्या तुकड्यावर नेऊन ठेवते. तू दोनदा मोजतोस. "दोन्ही सारख्याच शेतस! असं कातडं नशिबानं भेटस." किती खूश झाला होतास रे.

पंधरवड्यात मळेवाला मोट घेऊन परत आला. सोंड सैल पडून निम्मं पाणी विहिरीतच सांडत होतं. तू सोंड चाचपलीस, उभी ओढलीस, आडवी ओढलीस, आणि बोटं चोळत बसलास. "मन्हा बोटे आते खोटं बोलतस," म्हणालास. मी चुलीपुढे होते. तव्यावरची भाकरी करपली, पण माझं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तू रापी-आरी चुलतभावाला देऊन टाकलीस.

पुढे कोणी कातडं दाखवायला आलं की "मले काय कळस?" म्हणून परत पाठवायचास. आज सांगते, उद्या सांगते, असं करत मी सासरी गेले. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

तुझी बोटं खरंच बोलत होती, बा. खोटी मी होते. आणि तरी, तू आत्ता या दारातून आत आलास, तर हा लिहिलेला कागद मी पदराखाली लपवीन.