किंकाळी पाहिजे

१२ फेब्रुवारी
शूटिंग संपलं. ‘तळघरातला पाहुणा - भाग दोन’. माझा सातवा सिनेमा. भाग एक मी काढलेलाच नाही. भाग दोन लिहिलं की लोकांना वाटतं पहिला चालला होता. असल्या गोष्टी फिल्म स्कूलमध्ये शिकवत नाहीत, म्हणून मी तिथे गेलो नाही. त्यांनी घेतलं नाही, हे कारण दुय्यम.

सगळी रात्र दुपारी शूट केली. लेन्सला निळा कागद लावला की झाली रात्र. प्रेताच्या कपाळावर घाम दिसतो, पण घामेजलेलं प्रेत आजवर कोणी दाखवलंय? तळघर तिसऱ्या मजल्यावर मिळालं, हिरोच्या जिमच्या वर. हिरोला अभिनय येत नाही, पण जागा त्याची आहे.

संध्याकाळी सासऱ्यांकडे जेवण. त्यांचं नळ, शॉवर आणि कमोडचं दुकान. गुडघे दुखतात, आता कोणीतरी बसायला हवं, हे नेहमीचं पालुपद. आज वैतागून शब्द देऊन टाकला: हा सिनेमा थिएटरात आठवडाभर चालला नाही तर जन्मभर तुमच्या दुकानात बसेन. सासऱ्यांनी घास हातात धरून विचारलं, जन्मभर ना? म्हटलं, जन्मभर. बायको माझ्याकडे एकटक बघत होती. कौतुकाने असावं.

१५ फेब्रुवारी
वितरकाला सिनेमा दाखवला. सुरुवातीपासून डोळे मिटून, अगदी एकाग्रतेने पाहिला. श्वास जड झाला होता. इफेक्ट जबरदस्त.

क्लायमॅक्सला हिरॉईनच्या किंकाळीने डोळे उघडले आणि म्हणाले, ही बाई तुमच्या प्रत्येक सिनेमात मरते. मी म्हटलं, छे, हिरॉईन नवीन आहे. ते म्हणाले, चेहरा नवीन असेल, किंकाळी तीच. त्यांच्या घरच्या बाथरूमचं दार अडकलं की असाच आवाज येतो, म्हणून त्यांच्या बायकोने आधीच्या सिनेमांतच ती ओळखली होती म्हणे. किंकाळी नवीन आणा, तर शुक्रवारचा सकाळचा शो देतो. नाहीतर नाही.

एका किंकाळीवर अख्खं करिअर अडलंय. हसू आलं. किंकाळी काय, उद्या आणतो.

१६ फेब्रुवारी
किंकाळीचा इतिहास लिहून ठेवतो, चरित्रकाराला उपयोगी पडेल. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पहिल्या सिनेमासाठी बनवलेलं रबरी मुंडकं मी फ्रिजमध्ये ठेवलं होतं, कारण उन्हाने नाक वितळत होतं. बायकोने दूध घ्यायला फ्रिज उघडला. साउंड रेकॉर्डिस्ट तेव्हा घरीच चहा पीत बसला होता. त्याला आम्ही हेडफोन म्हणतो, कारण तो जेवतानाही हेडफोन काढत नाही. त्याने बटण दाबलं आणि एक अजरामर किंकाळी टेपवर आली. पुढे सहाही सिनेमांत तीच वापरली. चौथ्यात हळू चालवून राक्षसाची डरकाळी केली, पाचव्यात ट्रकचा ब्रेक. एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. वितरकाची बायको सोडून.

आज हिरॉईनकडून किंकाळी घेतली. ती आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे रिसेप्शनला असते. किंकाळी फोडते, पण हाक मारल्यासारखी. रस्त्यावरून चाललेला एक गृहस्थ थांबून ‘काय?’ म्हणाला. टेकवर टेक घेतले. शेवटी तिचा घसा बसला आणि दंतवैद्याकडे फोन घ्यायला कोणी उरलं नाही. त्याने मला जिन्यात गाठून जे सुनावलं ते लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी
संकल्प: किंकाळी जिथून आली तिथूनच परत काढायची. बायको. मात्र तिला आधी कळता कामा नये. अस्सल भीती मागून मिळत नाही.

हेडफोनने स्वयंपाकघरात मसाल्यांच्या डब्यांमागे माइक लपवला. मी तेच जुनं मुंडकं फ्रिजमध्ये ठेवलं, डोळे दाराकडे करून. नाकाला नवा रंग.

ती आली. फ्रिज उघडला. शांतता. मग म्हणाली, हे खालच्या कप्प्यात ठेवत जा, दुधाला रबराचा वास लागतो. आणि नाक आधीचं बरं होतं.

हेडफोन म्हणतो, शांतता फार स्वच्छ रेकॉर्ड झालीय.

२० फेब्रुवारी
आज स्वतः सिनेमातल्या पाहुण्याचा पूर्ण वेश चढवला. नखं, दात, उंच टाचांचे बूट, पाठीवर कुबडाची पिशवी. बाथरूमच्या दारामागे उभा राहिलो. आत फार उकडतं. माझ्या नटांविषयी आदर वाढला. ती आली, मी झेप घेतली. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली की तेवढी उंची वाढलीच आहे तर वरचा बल्ब बदला.

बदलला. नखांमुळे वेळ लागला.

२१ फेब्रुवारी
मास्टर प्लॅन. बैठकीच्या खोलीत मरून पडलो. पोटात सुरा, सगळीकडे रक्त. हेडफोन पडद्यामागे. बायको बादली घेऊन आली आणि फरशी पुसू लागली. माझ्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, मान उचला. उचलली. मग तिने हेडफोनला पडद्यामागून बाहेर बोलावून चहा दिला आणि सांगितलं की त्या रक्ताचे डाग निघत नाहीत, मागच्या सिनेमाचं रक्त बरं होतं.

शेवटी मला राहवेना. विचारलं, तुला कसलीच भीती वाटत नाही का गं आता? तिने पोछा पिळला आणि म्हणाली, “एकाच गोष्टीची वाटते. तुम्ही सकाळी उठून म्हणता ना, एक नवीन कल्पना सुचलीय.”

हेडफोन हसला. त्याला पुढच्या सिनेमात घ्यायचा की नाही, विचार करावा लागेल.

मनाला लागलं, हे इथे लिहायला हरकत नाही. ही बाई पूर्वी पालीला घाबरायची. माझ्या सिनेमांनी तिची सगळी भीती संपवली आणि मला कळलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ही माझ्या प्रभावाची साक्षच.

२५ फेब्रुवारी
वितरकाचा फोन. किंकाळी आली का? म्हटलं, येतेय, वाटेत आहे. ते म्हणाले, दोन तारखेपर्यंत, मग तो शो मुलांच्या कार्टूनला देणार.

सासरे अचानक घरी आले. टेप काढून माझी बसल्यावरची उंची मोजली आणि चहा न घेताच गेले. म्हातारपणी माणसं प्रेम कशी कशी दाखवतात. बहुधा स्वेटर.

बायकोने विचारलं की कपाटातला जुना कोट दुकानात चालेल का. म्हटलं, कोणाला? ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

२७ फेब्रुवारी
आज जे घडलं ते क्रमाने लिहितो.

बायको शुक्रवारी वडिलांच्या दुकानात हिशेबाला मदत करते. हेडफोनचं म्हणणं, दुकानात फरशा आणि काच, तिथे किंकाळी घुमेल. योजना अशी: शोकेसमधल्या काचेच्या शॉवर केबिनमध्ये पाहुणा म्हणून उभं राहायचं. ती पावती द्यायला आली की बाहेर. घरात तिला सवय झालीय, दुकानात ती बेसावध असणार. मानसशास्त्र.

पिशवीत वेश घेऊन निघालो. हेडफोन मागे, माइक चालू करून, कारण तो आयत्या वेळी बटण विसरतो. दुकानाच्या दारात शिडी. शिडीवर आमचा पोस्टरवाला पेंटर. माझ्या सातही सिनेमांची नावं त्यानेच रंगवलीत. म्हटलं, अरे तू इथे कसा? तो ओळखीचं हसला आणि ब्रशने वर दाखवलं.

वर सासऱ्यांचं आडनाव, जुनं, निळं. त्याच्याखाली ताज्या लाल रंगात, प्रत्येक अक्षरातून रक्ताचे थेंब ओघळताहेत अशा थाटात, कारण त्याला दुसरी अक्षरं येतच नाहीत:

आणि जावई.

पुढचं मला नीट आठवत नाही. पेंटरचा ब्रश खाली पडला. समोरच्या फुटपाथवर एका बाईने मुलाला कडेवर उचललं. बायको दुकानातून धावत बाहेर आली, चेहरा पांढरा, आणि चौफेर बघत विचारू लागली, “कोण बाई ओरडली? काय झालं तिला?”

मग हेडफोनने हेडफोन काढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचे कान पाहिले. म्हणाला, “सर, मिळाली.”

१ मार्च
माझी किंकाळी हिरॉईनच्या तोंडात चपखल बसली. ओठांची हालचालसुद्धा जुळली. हे कोणाला सांगायचं नाही असं हेडफोनला बजावलं. दिग्दर्शक सिनेमाला आपला आत्मा देतो, तो असा.

वितरक पाहता पाहता खुर्चीत ताठ बसले. म्हणाले, आता बाई मेली खरी. शुक्रवार पक्का.

सासऱ्यांना फोन करून सांगितलं, बोर्ड पुसायची तयारी ठेवा. ते म्हणाले, ऑइल पेंट आहे जावईबापू, पुसला जात नाही.

६ मार्च
रिलीज. सकाळचा शो. गर्दी निवडक होती. पहिल्या रांगेत जिमवाल्याचे मित्र, मागे दोन जोडपी जी पडद्याकडे बघायला आली नव्हती, आणि आम्ही. प्रेताला घाम आला तिथे एक जण हसला. लेन्सचा निळा कागद एका शॉटमध्ये फडफडला तिथे सगळे.

मग क्लायमॅक्स. किंकाळी. थिएटर गप्प. मागच्या जोडप्यांनीसुद्धा पडद्याकडे पाहिलं. आणि बायकोने माझा हात गच्च धरला.

इतक्या वर्षांनी तिला घाबरवलं मी. तिच्या कानाशी जाऊन विचारलं, घाबरलीस ना? ती हळूच म्हणाली, “तो तुमचा आवाज आहे. मला माहीत नव्हतं हो, दुकानाची इतकी भीती वाटते तुम्हाला.”

म्हटलं, छे, तो अभिनय होता. तिने हात सोडला नाही. दिवे लागेपर्यंत.

९ मार्च
सिनेमा सोमवारी उतरवला. कार्टून आलं. पेपरात चार ओळी छापून आल्यात. तीन ओळी द्वेषाने लिहिल्यात. चौथी: ‘किंकाळी मात्र मनाचा थरकाप उडवते, त्या अभिनेत्रीला शोधा.’ कापून पाकिटात ठेवली. फक्त चौथी.

बायको म्हणाली, शब्दाचं सोडा, बाबांना मी समजावते, बोर्डावर वरून रंग देऊ. मी ताठ मानेने सांगितलं की दुकानात मी जाणार आहे. पराभव म्हणून नव्हे, रिसर्च म्हणून. ‘कमोड’ नावाच्या हॉररची जुळवाजुळव डोक्यात आहे. पाण्याखालून येतो तो. दुकानात फार तर महिनाभर.

तिथे खुर्ची तयार होती. बरोबर माझ्या उंचीची.

११ एप्रिल
संधी दार ठोठावतेय. एका प्रतिस्पर्धी दिग्दर्शकाचा फोन. माझ्या सगळ्या कल्पना चोरतो, आम्ही त्याला झेरॉक्स म्हणतो. त्याला ती किंकाळीवाली बाई हवीय. म्हटलं, त्या कोणाला भेटत नाहीत, माझ्यामार्फत बोला. मग स्वतःच स्टुडिओत गेलो. झेरॉक्सने माझ्यामागे कोणी बाई येतेय का ते पाहिलं, मग दार लावून घेतलं. खिशातून बोर्डाचा फोटो काढला, लाल अक्षरांवर नजर लावली. पहिल्याच टेकला ओके. काचेपलीकडे त्याची असिस्टंट रडायला लागली.

याला म्हणतात रेंज.

२६ एप्रिल
पेंटरला बोलावून बोर्डावरचे रक्ताचे थेंब काढायला लावले. गिऱ्हाईकं बिचकतात, विशेषतः वयस्कर. सरळ अक्षरं त्याला येत नव्हती, शिडीखाली उभं राहून शिकवली. ‘वई’ जरा डावीकडे घ्यायला लावलं, मधलं अंतर खटकत होतं. फ्रेमिंगचा डोळा लागतो त्याला.

गळका नळ कुठला वॉशर मागतो हे मला आता आवाजावरून कळतं. याचा उपयोग ‘कमोड’मध्ये होणार.

१७ मे
झेरॉक्सकडे दुसरी किंकाळी. आत गेलो, फोटो काढला. बघितला. काहीच नाही. आणखी जवळून बघितला. अक्षरं नीट आलीत, असं मनात आलं. ओरडलो तर हाक मारल्यासारखं झालं. झेरॉक्सने नम्रपणे सुचवलं, सर, थोडी भीती. माझ्याबरोबर आलेला हेडफोन काचेपलीकडून म्हणाला, शांतता फार स्वच्छ येतेय. टेक, टेक, टेक. शेवटी झेरॉक्सने दंतवैद्याकडच्या रिसेप्शनिस्टचा नंबर मागितला.

घरी आलो. बायकोला सांगितलं की माझी भीती गेली. वाटलं, हसेल. तिने ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, माझीही अशीच गेली होती, कळलं नाही कधी ते. मग आम्ही बराच वेळ नवीन शॉवरच्या मालाबद्दल बोललो. छान वाटलं. हेही लिहून ठेवतो.

कलावंताला अशा पोकळ्या येतात. सोमवारपासून ‘कमोड’च्या पटकथेला बसायचं, काही झालं तरी. उद्या नको, उद्या माल उतरवायचाय आणि सासऱ्यांचे गुडघे धरलेत. आपलं दुकान दहाला उघडायचं आहे.

‘आपलं’ खोडायला गेलो होतो. पेनातली शाई संपली.