शिक्क्यावरची रेघ

४ मार्च
लिही. नाही, "लिही" नको लिहू. राहू दे. मी बोलेन ते हा फोन लिहितो म्हणे. खोकले तरी काहीतरी लिहीत असेल – मला कुठं वाचता येतंय! शाळेत अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची. बाईंनी मला शेगडी पेटवायच्या कामावर ठेवलं. नात म्हणाली, मनातलं बोलत जा आजी, कोणी बघणार नाही, मीही नाही.

नवं घर ठरलं. नेक्सोला, म्हाताऱ्यांच्या वसाहतीत, दीड खोली. काचेचं कपाट तिथं मावत नाही. म्हणजे आतला निळ्या फुलांचा चिनी मातीचा संच विकायचा. माझ्या आईचा. नाताळला आणि मुलांच्या चर्चमधल्या कन्फर्मेशनला तेवढा बाहेर निघाला. एक बशी फुटलेली नाही. शेजारची बोडिल म्हणते, लिलाववाल्याला बोलाव, श्रीमंत होशील.

६ मार्च
लिलाववाला येऊन गेला. टोर्बेन नाव, दाढी विरळ, मोजे दोन रंगांचे. मी बोडिलच्या करपलेल्या केककडे बघते तसं त्यानं निळ्या संचाकडे बघितलं. हे आता कोणी घेत नाही म्हणाला, घरोघरी कपाटं भरलीत.

मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला तो येईचना. जाऊन बघते तर बटाट्याच्या सालांचं वाडगं धुऊन खिडकीशी धरलेलं! उजेड आरपार. त्याची बोटं आतून दिसत होती.

"गेर्डा, हे काम कुणाचं?"

माझ्या मुलीचं, म्हटलं. डाग्नीचं. स्वानेकेला भांड्यांची भट्टी आहे तिची. बिघडलेलं मला देते.

बुडाशी तिचा शिक्का, त्यावर आडवी रेघ आहे. अक्षर येत नसलं तरी रेघ अंगठ्याला कळते. वस्तूत खोट निघाली की शिक्क्यावर रेघ ओढायची आणि दाराबाहेरच्या फळीवर ठेवायची, शेजारी पैशांचा डबा – आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्याकडे सगळी तसलीच, रोजचं जेवण त्यातच. दर वाढदिवसाला एक. कोपनहेगनचे लोक चांगला माल घेऊन जातात, आईला रेघवाला. मी हसून घ्यायची. माझे दातही आता दुसऱ्या प्रतीचेच, शोभेल म्हणायची.

लागायचं मात्र.

७ मार्च
टोर्बेन परत आला, भिंग घेऊन. सगळी वाडगी टेबलावर मांडली. नखानं वाजवली, डुलतात का पाहिली, झिलईवरून जीभसुद्धा फिरवली असती. तडा नाही, टवका नाही, वाकडेपणा नाही. रेघ नसती तर संग्रहालयानं घेतली असती म्हणे. रेघ आहे म्हणून पाव किंमत. पण खोट सापडत नाही, मग कागदावर काय लिहू? बनवणारीलाच विचारतो.

मी म्हटलं विचार. मग म्हटलं नको. मग म्हटलं विचार. तो गोंधळला. मी तर कधीचीच गोंधळलेली.

बोडिल म्हणाली, मुलीचे डोळे तपासून घे. माझ्या मुलीचे डोळे घारीचे आहेत, म्हटलं. आणि मग वाटलं – तेच तर!

१० मार्च
टोर्बेनचा फोन. डाग्नी त्याला म्हणाली, सगळी बिघडलेली आहेत, तसंच लिहा. आणि फोन ठेवला तिनं.

आता मी कुणाचं खरं धरू? जाणणारा म्हणतो खोट नाही. बनवणारी म्हणते आहे. त्याचं खरं, तर पोटची पोर खोटं बोलते. तिचं खरं, तर इतकी वर्षं आईला निवडून निवडून वाईट दिलं. यातलं बरं कुठलं? दोन्ही एकदम खरी असतील का?

आज हेरिंग मासा तव्यातूनच खाल्ला, वाडग्यात घेतला नाही.

११ मार्च
बोलायला काही नाही. हेही लिहिलंस का रे?

१२ मार्च
ठरलं. वाडगीही लिलावात. पाव किमतीत जाऊ देत. टोर्बेन परवा खोकी घेऊन येतोय. बोडिल म्हणते, हा राग आहे. राग नाही, दीड खोली आहे. तसं डाग्नीलाही कळवलं. ती हं म्हणाली. नुसतं हं!

१३ मार्च
डाग्नी दारात. न कळवता, कोपरापर्यंत माती. मी वाडगं तिच्यापुढे उलटं ठेवलं. खोट कुठाय, दाखव.

तिनं वाडगं सुलटं केलं. मग म्हणाली, "खोट नाही, आई. वर्षातलं सगळ्यात चांगलं निघतं ना, त्यावर रेघ ओढते मी. नाहीतर तू ते कपाटात ठेवलं असतंस. तू त्यातून जेवायला हवी होतीस मला."

टोर्बेनला फोन केला. म्हटलं, मुलगी बरोबर सांगते. सगळी बिघडलेली आहेत. येऊ नकोस.