तिसऱ्या गुरुवारची नोटीस

१२ जून

प्रिय मार्नी,

नाताळच्या फोनापलीकडे आपलं बोलणं नाही, म्हणून एवढं जाड पाकीट बघून तू दचकशील. मी ठणठणीत आहे. फक्त निवृत्त झाले. सदतीस वर्षं कौंटी कोर्टाच्या खिडकीमागे बसून लोकांचे दावे दाखल करून घेतले. आता दुपारची पोर्चवर बसते. कॉटनवुडच्या झाडांचा कापूस उडतोय, इतका सावकाश की खाली येतोय की वर चाललाय, कळत नाही. डोळे मिटले की मी पुन्हा त्या खिडकीशी असते. कुणाचं कुंपणाचं भांडण, कुणाच्या बापाचं मृत्युपत्र, कुणाला नाव बदलून हवंय. दोन प्रती, सही, शिक्का. आणि टेबलाखाली तू, शाळेतून आलेली, बेकरीतला जर्दाळू भरलेला गोड पाव, कोलाचे, खात. एकदा दोन्ही दंडांवर ‘दाखल’ असा शिक्का मारून घेतला होतास. मी रागावले तर म्हणालीस, “आता झाले ना मी दाखल? मग परत नाही पाठवायचं कुणी.”

तू चार वर्षांची असताना माझ्या वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारी तुझी आई तुला माझ्याकडे ठेवून “दोन दिवसांत येते” म्हणून गेली. तू अकराची झालीस तरी तिचा पत्ता नव्हता. तेव्हा मी तुला दत्तक घ्यायचा अर्ज केला. तू त्याआधीच मला आई म्हणायला लागली होतीस, आधी चोरून, मग सगळ्यांसमोर. त्या सुनावणीच्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू निळा फ्रॉक घातला होतास. पाच मिनिटांत मी बाहेर आले आणि म्हणाले, “राहू दे गं, कागदाने काय होतं?” घरी जाताना मला ‘मिस आर्डिथ’ म्हणालीस, ते आजतागायत. मी मन बदललं असं तुला वाटलं असणार. तुझ्या जागी मलाही तसंच वाटलं असतं.

खरं काय झालं ते आज सांगते. दत्तकाआधी जन्मदात्या आईला कळवावं लागतं, आणि तिचा ठावठिकाणा नसेल तर नोटीस वर्तमानपत्रातून द्यावी लागते, ओळीने तीन आठवडे. आपल्या गावचं साप्ताहिक गुरुवारी निघतं. दोन गुरुवार नोटीस आली. तिसऱ्या आठवड्यात कौंटीची जत्रा होती आणि पेपरवाल्यांनी नोटिसांचं पान काढून बक्षिसांचे फोटो छापले. त्यातच तू होतीस, कानाला फीत लावलेला ससा कवटाळून. मी तो फोटो कापून फ्रिजवर लावला, पण नोटीस बघितलीच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटिसा मोजणारी मी! सुनावणीत न्यायाधीश हॉलग्रेननी चष्मा वर केला. “आर्डिथ, तिसरी कुठंय?” मग हळूच म्हणाले, “हा अर्ज फेटाळावाच लागेल. पुन्हा दाखल कर, दोन महिन्यांत देतो करून.”

मी पुन्हा दाखल केला नाही. लाज वाटली हे खरं. याच चुकीसाठी मी कितीजणांना तोंडावर कागद परत दिले होते. पण ती वरवरची गोष्ट. ते दोन्ही गुरुवार मी फाटकाकडे बघत काढले होते. तुझ्या आईने ती नोटीस वाचली आणि उद्या दारात उभी राहिली तर? पुन्हा तीन गुरुवार तसे काढायची माझी छाती झाली नाही. तू जाशील या भीतीने मी तुला गप्प बसून दूर लोटलं, मार्नी. मला फार वाईट वाटतं.

गेल्या सोमवारी मी त्याच खिडकीवर गेले, पलीकडच्या बाजूने. माझ्या जागेवर टीगन बसते, मीच तयार केलेली पोरगी. तिने माझे कागद दोनदा चाळले आणि परत सरकवले. “मिस आर्डिथ, हा अर्ज अपुरा आहे. असा घेतला तर तुम्हीच मला फाडून खाल.” मी विचारलं, बाई गं, मग आता मार्नीला लिहू तरी काय? तर ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणते, “सल्ला द्यायला आम्हाला मनाई आहे.” माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मला हसू आलं, आणि गाडीत बसल्यावर रडू.

सोबत एक पान आहे. एकोणतीस वर्षांच्या बाईला दत्तक घ्यायचं तर पेपरात काही छापावं लागत नाही, कुणाला शोधावं लागत नाही. फक्त तिची संमती लागते, नोटरीसमोर केलेली सही. तेवढ्यावाचून माझा अर्ज अडलाय. सही नाही केलीस तरी नाताळला मी फोन करीनच. पण त्या वेळी कोर्टाने, पेपराने, सगळ्या गावाने तुझ्या आईला विचारलं, तुला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही. म्हणून आज विचारते, मार्नी: माझी मुलगी होशील?

तुझीच,
आर्डिथ