घरावर लावलेल्या टिकल्या

प्रिय धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. म्हणजे आहेत का, हेच मला कळेनासं झालंय. फोनच केला असता, पण बाबा पलीकडच्या खोलीत असतात आणि त्यांचे कान अजून चांगलेच तिखट आहेत. शिवाय फोनवर तू 'बरं, बघू' म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

माझ्या नोकरीची रडकथा तुला पाठ आहे. शहर चारी बाजूंनी फुगतंय आणि आम्ही मूठभर माणसं त्यात बागा नि पायवाटा कुठे घुसवता येतील ते शोधत बसतो. नाल्याकाठच्या पायवाटेचं घोंगडं तर वर्षानुवर्षं भिजत पडलंय. वरून येणारी वाट आपल्या एका कुंपणाशी थांबते, खालून येणारी दुसऱ्या कुंपणाशी, आणि मध्ये आपलं घर! वाट आखणारीही मी आणि आडवं येणारं घरही माझंच, म्हणून ऑफिसात माझी कमी टवाळी झाली नाही. मी वाट मोठ्या रस्त्यावरून वळवून दाखवली, पण निधी देणारे अडून बसलेत. म्हणतात, वाट सलग हवी आणि खर्चात शहराने स्वतःचा वाटा घालायला हवा. आमच्या तिजोरीत खडखडाट. एकच सोय आहे, कुणी जमीन दान दिली तर तीच शहराचा वाटा म्हणून धरतात.

तर गेल्या महिन्यात आम्ही नागरिकांची सभा घेतली. अशा सभेत शहराचा मोठा नकाशा टेबलावर पसरतो आणि प्रत्येकाला हिरव्या गोल टिकल्या देतो, बाग हवी तिथे चिकटवा म्हणून. लोक बाग आपल्या दारात मागतात आणि कचरापेटी शेजाऱ्याच्या दारात, हे ठरलेलंच. त्या सभेला बाबा आले. मला न सांगता, इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत उभे राहून. माझ्या हातून टिकल्या घेतल्या, ओळखसुद्धा दाखवली नाही, आणि सगळ्याच्या सगळ्या आपल्या घरावर लावून टाकल्या! मला वाटलं, चष्मा विसरले असतील. चष्मा नाकावरच होता.

संध्याकाळी विचारलं, तर म्हणाले, घर पाडा, जागा घ्या, तुझी वाट पुरी कर. दिवसभर भिंतींशी किती बोलायचं, निदान इथून माणसं तरी जातील-येतील. अरे, ज्या माणसाने तू मागच्या भिंतीवरून उड्या मारतोस म्हणून तिच्यावर काचा बसवल्या, तो माणूस हे बोलतोय! आई खिडकीतून त्या काचांकडे बघून कशी चिडायची, आठवतं?

आता तूच सांग, हे शहाणपण की भ्रम? परवा बघते तर उजवी चप्पल डाव्या पायात. का हो, म्हटलं. तर म्हणतात, एकाच बाजूने झिजते, आता दुसऱ्या बाजूने झिजू दे. मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. विनोद केला की चूक झाकली, काय कळणार? डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने बरे आहेत, पण लक्ष ठेवा. या वाक्याचं मी काय लोणचं घालू?

आमचे साहेब आधी आनंदाने उडाले, मग वकिलांनी त्यांना खाली आणलं. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे आणि आपली हरकत नाही, असं आपण दोघांनी लिहून द्यायला हवं. इथेच माझं घोडं अडलंय. बाबा शहाणे म्हटलं, तर माझी पायवाट पुरी होते. नाहीत म्हटलं, तर राहतं घर माझ्याकडे राहतं. दोन्हीकडून माझाच फायदा, मग माझ्या मतावर मी तरी विश्वास कसा ठेवू? सकाळी वाटतं सही करावी, दुपारी वाटतं वेड लागलंय का तुला. डोक्याचा नुसता भुगा झालाय बघ.

आणि आता मुद्द्याचं. मी त्यांना विचारलं, घर दिल्यावर तुम्ही राहणार कुठे? धाकट्याकडे, म्हणाले, चहा मागावा तितक्या सहज. तू बॅग उचलून निघालास तेव्हा दारापर्यंतही न आलेले बाबा! म्हणाले, एका दुपारी तुझा फोन आला होता, तुम्ही दोघं खूप वेळ बोललात, झालं गेलं ते मिटलं, आणि तू त्यांच्यासाठी सकाळचं ऊन येणारी खोली रिकामी करून ठेवली आहेस. कपड्यांची पिशवी भरून तयार आहे. घरातल्या जुन्या फोनवर कोण कधी बोललं ते दिसत नाही, आणि तू मला कधी काही बोलला नाहीस. खरंच केला होतास का रे फोन? केला असशील तर बाबा आपल्या दोघांपेक्षा शहाणे आहेत, तसं कळव, मी त्याच दिवशी सही करते. आणि केला नसशील, तर मला काहीच कळवू नकोस. मी दुपारी ऑफिसात असते आणि ते घरी एकटेच असतात. त्यांना फोन कर.

तुझीच, पुरती गोंधळलेली,
ताई